पशू आणि फी

भाषांच्या इतिहासावरील पुस्तकांत काही शब्दांच्या आधी एक छोटी चांदणी छापलेली असते. हा शब्द कोणत्याही शिलालेखात, पोथीत किंवा नाण्यावर आढळलेला नाही, त्याच्या वंशजांकडे पाहून तो उभा केलेला आहे, असा तिचा अर्थ. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट श्लायशर या जर्मन अभ्यासकाने ही खूण रूढ केली. असाच एक चांदणी लागलेला शब्द आहे *फेहू.

तो ज्या भाषेचा, तिला आद्य-जर्मानिक म्हणतात. इसवीसनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत आजच्या डेन्मार्कमध्ये, स्वीडनच्या दक्षिण भागात आणि जर्मनीच्या उत्तरेला राहणारी माणसे ती बोलत. इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक या सगळ्या तिच्या लेकी. बोलणाऱ्यांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. त्यांच्या वंशजांनी रुन लिपीत कोरलेल्या अगदी सुरुवातीच्या लेखांपैकी एक डेन्मार्कमधल्या व्हिमोसे इथल्या दलदलीत सापडलेल्या फणीवर आहे. तो इसवी सन १६०च्या आसपासचा आणि त्यात शब्द एकच. एवढ्या तुटपुंज्या लेखी पुराव्यातून पूर्ण भाषा हाती येणे शक्य नव्हते. ती आली लेकींची तुलना करून.

*फेहू या शब्दाच्या पोटात तीन अर्थ होते: गुरेढोरे, मालमत्ता आणि पैसा. मराठी वाचकाचे त्याच्याशी दुहेरी नाते आहे. आपला ‘पशू’ हा त्याचा भाऊबंद, आणि शाळा-कॉलेजात भरली जाणारी ‘फी’ ही फ्रान्स-इंग्लंडमार्गे आपल्याकडे पोचलेली त्याची नात.

‘पशू’ आणि ‘फेहू’ हे कानाला तसे लांबचेच वाटतात. पण शब्दांचे कूळ ठरवताना कानावर विसंबून चालत नाही, नियम लागतो. तो नियम डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवला, आणि परीकथांच्या संग्रहामुळे घरोघरी ठाऊक असलेल्या याकोब ग्रिमने १८२२ साली तो सविस्तर मांडला. संस्कृत, लॅटिन, ग्रीक, जर्मानिक अशा साऱ्या भाषांची जी मूळ इंडो-युरोपीय भाषा, तिच्यातला ‘प’ जर्मानिक शाखेत ‘फ’ होतो. ‘पितृ’ आणि ‘फादर’, ‘पाद’ आणि ‘फूट’, ‘पंच’ आणि जर्मनमधला ‘फ्युन्फ’ या जोड्या पाहाव्यात. दुसरा बदल तालव्य ‘क’चा. संस्कृतात त्याचा ‘श’ झाला, लॅटिनमध्ये तो ‘क’च राहिला, जर्मानिकमध्ये ‘ह’ झाला. म्हणून ‘शत’, लॅटिन ‘केन्तुम’ आणि इंग्रजी ‘हंड्रेड’ हे एक. म्हणून ‘दश’, लॅटिन ‘देकेम’ आणि गॉथिक ‘तेहून’ हे एक. कुत्र्यासाठीचा ‘श्वन्’ आणि इंग्रजी ‘हाउंड’ही एकच. आता ‘पशु’ या शब्दात ‘प’च्या जागी ‘फ’ आणि ‘श’च्या जागी ‘ह’ घालावा, शेवटचा ‘उ’ तसाच ठेवावा. पहिला स्वर मुळात ‘ए’ होता, संस्कृतात त्याचा ‘अ’ झाला. हाती ‘फेहू’ येतो. लॅटिनमध्ये हाच शब्द ‘पेकू’.

इथवर सगळे सरळ आहे. मला याहून विलक्षण वाटतो तो पुढचा टप्पा, कारण त्यात वेदपाठकांचा थेट हात आहे. ग्रिमच्या नियमाला काही शब्द जुमानत नव्हते. ‘भ्रातृ’मधला ‘त’ गॉथिकमध्ये ठरल्याप्रमाणे ‘थ’ झाला. ‘पितृ’मधला ‘त’ मात्र ‘द’ झाला. दोन्ही शब्द नात्याचे, दोन्हींची घडण सारखी, मग वागणूक वेगळी का? १८७०च्या दशकात कार्ल व्हेर्नर या डॅनिश तरुणाला उत्तर मिळाले ते वैदिक स्वरांत. वेदांच्या पठणात ‘भ्रातृ’चा उदात्त पहिल्या अक्षरावर येतो, ‘पितृ’चा दुसऱ्यावर. व्यंजनाच्या लगेच आधीच्या अक्षरावर जोर असेल तर ग्रिमचा नियम जसाच्या तसा लागू पडतो. जोर तिथे नसेल तर मधले व्यंजन घोष होते. जर्मानिक भाषांनी पुढे हा जोर सरसकट पहिल्या अक्षरावर आणला आणि स्वतःच्या इतिहासाचा पुरावा स्वतःच पुसून टाकला. तो टिकला हजारो मैल दूर, ज्यांनी प्रत्येक अक्षर उदात्त-अनुदात्तासह तोंडपाठ ठेवले त्या पाठकांच्या मुखात. डेन्मार्क-जर्मनीच्या भाषांतले व्यंजनांचे कोडे सुटायला ऋग्वेदाची पाठपरंपरा लागली, ही तुलनात्मक भाषाशास्त्रातली मला सर्वांत प्रिय घटना आहे.

‘फेहू’लाही हीच कसोटी लावून पाहता येते. वैदिक ‘पशु’ सहसा पुल्लिंगी असतो आणि त्याचा उदात्त शेवटच्या अक्षरावर येतो. तशा रूपातून जर्मानिक शब्द निघाला असता तर मधला ‘ह’ राहिला नसता, तिथे ‘ग’सारखा ध्वनी आला असता. प्रत्यक्षात सगळ्या जुन्या जर्मानिक भाषा ‘ह’च दाखवतात. म्हणजे मूळ रूपाचा जोर पहिल्या अक्षरावर असायला हवा. तसे रूप खरोखर आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातल्या एका ऋचेत ‘पशु’ हा शब्द नपुंसकलिंगी येतो आणि तिथे उदात्त पहिल्या अक्षरावर आहे. जर्मानिक ‘फेहू’ नपुंसकलिंगी, लॅटिन ‘पेकू’ही नपुंसकलिंगी. एका ऋचेत टिकून राहिलेले ते दुर्मीळ रूप युरोपातल्या दोन शाखांशी तंतोतंत जुळते.

अर्थाची गोष्ट मात्र इतकी नेटकी नाही.

जर्मानिक भाषांतला सर्वांत जुना विस्तृत ग्रंथ गॉथिकमध्ये आहे. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला याने डॅन्यूब नदीच्या खालच्या खोऱ्यात बायबलचे भाषांतर केले आणि त्यासाठी लिपीही घडवली. त्याची सर्वांत प्रसिद्ध प्रत जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईने लिहिलेली आहे. ती सहाव्या शतकाच्या सुरुवातीस इटलीत तयार झाली आणि आज स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात जपलेली आहे. तिच्यात, मार्ककृत शुभवर्तमानात, येशूला धरून देण्याच्या बदल्यात मुख्य याजक यहूदाला पैसे देऊ करतात, तिथे ‘फेहू’चे गॉथिक रूप येते. मूळ ग्रीकमध्ये त्या जागी चांदीचा शब्द आहे. गुरांचा तिथे मागमूसही नाही. हाव, हावरट यांसाठीचे गॉथिक शब्दही याच शब्दावरून केलेले आहेत. म्हणजे उपलब्ध गॉथिकमध्ये तो निव्वळ धनाचा शब्द आहे.

जुन्या जर्मनमध्ये याच्या उलट स्थिती. तिथे ‘फिहू’ म्हणजे गुरे. आजच्या जर्मनमध्येही तेच. त्याचा आजचा उच्चार तर चक्क ‘फी’ असा आहे. बव्हेरियातला शेतकरी ‘फी’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गोठा असतो. डच भाषेनेही गुरांचाच अर्थ ठेवला. जुन्या इंग्रजीत मात्र गुरे, मालमत्ता आणि रोख पैसा हे तिन्ही अर्थ एकत्र नांदत होते.

इटलीत राज्य केलेल्या लोंबार्ड लोकांचा एक शब्द इथे सांगायलाच हवा. त्यांचा राजा रोथारी याने ६४३ साली कायदे लॅटिनमध्ये लिहून घेतले, पण काही देशी शब्दांना लॅटिनमध्ये जोड नव्हती म्हणून ते तसेच राहिले. त्यांपैकी एक ‘फादरफिओ’. लग्नाच्या वेळी बाप किंवा भाऊ मुलीला जे देई, ते. शब्दाचे दोन्ही तुकडे आपल्या ओळखीचे आहेत: पहिला ‘पितृ’, दुसरा ‘पशु’. त्याला संस्कृतात अक्षरशः बसवले तर ‘पितृपशु’ होईल, आणि अर्थ मात्र आपल्या धर्मशास्त्रातल्या स्त्रीधनाच्या जवळ जाणारा.

सर्वांत बोलका पुरावा आइसलँडचा. तिथे या शब्दाचे रूप ‘फ्ये’, आणि समासात ‘फ्याउर’. त्याचा अर्थ आजही पैसा आणि मेंढ्या असा दोन्ही आहे. ‘फ्याउरहूस’ म्हणजे मेंढ्यांचा गोठा. ‘फ्याउरमाउल’ म्हणजे अर्थव्यवहार. देशाच्या अर्थमंत्र्याच्या पदनामाची सुरुवात याच शब्दाने होते आणि मेंढपाळाच्या नावाचीही. ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, संदर्भ अर्थ लावून देतो. दोन हजार वर्षांपूर्वी *फेहू कसा वापरला जात असेल, हे जिवंत भाषेत पाहायचे असेल तर आइसलँडिककडे पाहावे.

रुन लिपीची ओळ याच शब्दाने सुरू होत असे. तिच्या पहिल्या अक्षराचा ध्वनी ‘फ’ आणि त्याचे नाव ‘फेहू’. गोटलंड बेटावरच्या क्युल्व्हर इथल्या, साधारण इसवी सन ४००च्या शिळेवर अक्षरांचा हा क्रम कोरलेला आहे. अक्षरांची नावे आपल्याला कळतात ती बऱ्याच नंतरच्या, इंग्लंड, नॉर्वे आणि आइसलँड इथल्या पद्यरचनांतून. त्यांत प्रत्येक अक्षराच्या नावावर दोन-चार ओळी असतात. नॉर्वे आणि आइसलँडच्या रचना ‘फेहू’वर येतात तेव्हा दोघींनाही आधी आठवते ती भाऊबंदकी. मुलांना मुळाक्षरे शिकवतानाच वाटणीचे भांडण सांगून टाकणारा हा समाज मला फार ओळखीचा वाटतो.

तर मूळ अर्थ कोणता? आधी जनावर आणि मग धन, की आधी धन आणि मग जनावर?

परंपरेने मानले जाते ते पहिले. पैसा नव्हता तेव्हा जनावर हेच धन होते, म्हणून जनावराचा शब्द पुढे पैशाला लागला. रोमन लोकांचेही हेच म्हणणे होते. ‘पेकू’वरून त्यांचा ‘पेकूनिया’ म्हणजे पैसा आला, आणि राजा सेर्व्हियुस तुल्लियुसने तांब्याच्या तुकड्यांवर जनावरांची चित्रे उमटवली म्हणून हे नाव पडले, असे प्लिनी सांगतो. गुलामाला किंवा घरातल्या मुलाला स्वतःची म्हणून ठेवता येणारी जी थोडी मालमत्ता, ती ‘पेकूलियुम’. त्यावरून पुढे खास एखाद्याचेच, आगळे, या अर्थाचा इंग्रजी ‘पिक्युलियर’ निघाला. काही अभ्यासक आणखी मागे जातात. लोकर उपटणे, विंचरणे या अर्थाचा एक इंडो-युरोपीय धातू आहे. त्यावरून हा शब्द आला आणि तो आरंभी फक्त मेंढीचा होता, असे ते मानतात.

१९६९ साली फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त यांनी इंडो-युरोपीय संस्थांच्या शब्दसंग्रहावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हा क्रमच उलटा केला. त्यांच्या मते मूळ शब्दाचा अर्थ होता जंगम संपत्ती, म्हणजे जी हलवता येते, हाकता येते, बरोबर नेता येते अशी मालमत्ता. गुरे हा त्या अर्थाचा नंतर झालेला संकोच. लोकरीच्या धातूशी त्यांनी या शब्दाचे नाते तोडले. त्यांच्या युक्तिवादात मोठा साक्षीदार आहे तो वैदिक वाङ्मय. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात रुद्राचे पाच पशू मोजले आहेत: गाई, घोडे, माणसे, शेळ्या आणि मेंढ्या. माणूस तिथे पशूंच्याच रांगेत आहे. अवेस्तात ‘पसु’ आणि ‘वीर’ ही जोडी येते. इटलीतल्या गुब्बिओच्या कांस्यपटांवर, उंब्रियन भाषेतल्या प्रार्थनांत, हीच जोडी ‘विरो पेकुओ’ अशी उलट्या क्रमाने येते. माणसे आणि जनावरे सुखरूप ठेव, असे मागणे. घरधन्याच्या ताब्यातले दोन पायांचे आणि चार पायांचे असे सगळे धन एका दमात मोजायची ही रीत इराणपासून इटलीपर्यंत सारखी आहे.

मला बेनव्हेनिस्त यांचे म्हणणे बरेचसे पटते, आणि त्याचे कारण अर्थांचा नकाशा. आइसलँडमध्ये या शब्दाचा अर्थ मेंढ्या. दुसऱ्या टोकाला कुर्दिशमध्ये ‘पेज’ म्हणजे मेंढी आणि कॉकेशसमधल्या ओसेटिकमध्ये ‘फिस’ म्हणजे मेंढी. हे पाहून मूळ अर्थ मेंढीच, असे वाटू शकते. पण जर्मन-डच प्रदेशात, जिथे गाईबैलांवर शेती आणि दूधदुभते चालते, तिथे तोच शब्द गाईबैलांना लागला. ज्या मुलुखात ज्या जनावरावर घर चालते त्या जनावराला धनाचे नाव मिळते. त्यासाठी मूळ अर्थ मेंढी असावाच लागत नाही, धन असला तरी पुरतो. गॉथिकमध्ये जनावर अजिबात न उरता धन उरावे, हेही मग समजण्यासारखे होते.

आपल्याकडच्या जुन्या व्युत्पत्तींना या वादाचे वावडे होते असे नाही, त्यांची वाट वेगळी होती. शतपथ ब्राह्मणात प्रजापतीने त्यांना ‘पाहिले’ म्हणून ते पशू, अशी उपपत्ती आहे. शैव दर्शनात पाशाने बांधलेला जीव तो पशू आणि त्याला सोडवणारा पशुपती. ध्वनिनियमांच्या कसोटीला यांतले काही उतरत नाही, पण पाशाची कल्पना शब्दाच्या मर्माजवळ पोचते: दाव्याला बांधलेले ते आपले.

आता ‘फी’. जुन्या इंग्रजीत हा शब्द होताच, तेव्हा तोच सरळ आजपर्यंत चालत आला असेल असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. गुरांचा अर्थ असलेला देशी शब्द हळूहळू मागे पडला. आजच्या अर्थाचा शब्द आला तो फ्रान्समधून, आणि फ्रान्सला तो दिला होता फ्रँक या जर्मानिक लोकांनी.

फ्रँक राज्यात नाणे दुर्मीळ होते. सेवेचा मोबदला घोडे, गुरे, शस्त्रे, कापड अशा वस्तूंत दिला जाई, आणि अशा मोलाच्या वस्तूंना *फेहू हा जर्मानिक शब्द लावला जाई. पुढे सरदाराने चाकरी करणाऱ्याला वस्तूंऐवजी जमीन तोडून द्यायला सुरुवात केली. मोबदल्याचे स्वरूप बदलले, नाव तेच राहिले. मध्ययुगीन समाजाचे थोर इतिहासकार मार्क ब्लोक यांनी ही वाट नेमकी दाखवली: हाकता येणाऱ्या धनाचा शब्द जागचे न हलणाऱ्या जमिनीचा झाला. लॅटिन दस्तऐवजांत त्याचे ‘फेओदुम’, ‘फेउदुम’ असे रूप झाले आणि तिथूनच ‘फ्यूडल’ निघाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपण त्या व्यवस्थेला सरंजामशाही म्हणतो. योगायोग असा, की ‘सरंजाम’ या फारसी शब्दाचेही तसेच झाले. मूळ अर्थ सामानसुमान, तयारी. ‘साजसरंजाम’मध्ये तो अजून शिल्लक आहे. मराठेशाहीत फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेल्या मुलुखाला सरंजाम म्हणू लागले. दोन भाषांनी, एकमेकींचे काही न घेता, जंगम वस्तूचा शब्द जमिनीला चिकटवला.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि त्याच्या सरदारांबरोबर हा शब्द समुद्र ओलांडून गेला. १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यमने करवून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदीत, तो लॅटिन रूपात दिसतो. इंग्लंडमध्ये आधी ‘फी’ म्हणजे धन्याकडून मिळालेली वंशपरंपरागत जमीन. मग तसेच मिळालेले पद. मग त्या पदावरच्या माणसाला प्रत्येक कामागे घेता येणारी ठरावीक रक्कम. मग वकिलाची, वैद्याची, शिक्षकाची रक्कम. पहिला अर्थ पुसला गेलेला नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या जमिनीच्या कायद्यात पूर्ण मालकीहक्काला अजूनही ‘फी सिम्पल’ म्हणतात. मराठीत आला तो यातला शेवटचा अर्थ, आणि इतका मुरला की ‘फी माफ झाली’ म्हणताना तो परका वाटत नाही.

‘फेहू’चे दुसरे रूप उत्तरेकडून इंग्रजीत गेले. जुन्या नॉर्समध्ये ‘फ्ये’ म्हणजे धन आणि ‘लाग’ म्हणजे ठेवणे, मांडणे. दोघांनी आपापले धन एकत्र ठेवून केलेली भागीदारी ती ‘फ्येलाग’, आणि भागीदार तो ‘फ्येलागी’. व्हायकिंगांच्या सफरींना असे भागीदार लागत. जहाज, माल आणि जीव, सगळेच एकत्र पणाला लागलेले असे. काळ्या समुद्रात, नीपर नदीच्या मुखाशी असलेल्या बेरेझान बेटावर १९०५ साली एक रुनशिळा सापडली. ग्रानी नावाच्या माणसाने आपल्या कार्ल नावाच्या ‘फ्येलागी’साठी ही कबर बांधली, असा तिचा आशय आहे. स्कँडिनेव्हियापासून इतक्या लांब, नद्यांच्या व्यापारी वाटेवर, एक भागीदार दुसऱ्याला पुरून पुढे गेला. त्या शब्दात तोवर हिशेबाबरोबर मैत्रीही आलेली असणार, कारण केवळ हिशेबासाठी कोणी शिळा कोरत नाही.

इंग्लंडच्या पूर्व-उत्तर भागात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांकडून हा शब्द अकराव्या शतकात इंग्रजीने घेतला. त्याचा ‘फेलो’ झाला. भागीदार, मग सोबती, मग नुसताच कोणी एक गडी. ऑक्सफर्ड-केम्ब्रिजच्या कॉलेजांत मात्र जुना अर्थ तगला, कारण तिथला फेलो हा कॉलेजच्या सामायिक मिळकतीतला भागीदार असे. डॅनिश-नॉर्वेजियनमध्ये सामायिक, समाईक यासाठीचा रोजचा शब्द इथूनच आला. आइसलँडमध्ये कोणत्याही मंडळाला, संघटनेला, कंपनीला ‘फ्येलाग’ म्हणतात.

शिवीसाठीही हा शब्द सर्वत्र उपयोगी पडला. डॅनिशमध्ये तो मूर्खाला लावतात, जर्मनमध्ये राक्षसी वागणाऱ्याला, आणि मराठीत ‘पशू’ म्हटल्यावर काय अभिप्रेत असते ते सांगायला नको. धन म्हणून मान मिळालेल्या जनावराचा हा अपमान मला पटत नाही, पण भाषांनी मला विचारून काही केलेले नाही.

परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. ते आज नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. तिथला विद्यार्थी प्रवेश घेताना फी भरतो, पुढची काही वर्षे पशूंचा अभ्यास करतो आणि संशोधनाकडे वळला तर फेलोशिपसाठी अर्ज करतो. त्यातला ‘पशु’ संस्कृतातून आला, ‘फी’ फ्रँकांकडून फ्रान्स-इंग्लंडमार्गे आणि ‘फेलो’ व्हायकिंगांच्या जहाजांतून.